माथेरानच्या वाटा: तीन दिवसांच्या पायपिटीनंतरचे परीक्षण

एखाद्या गावातील मोकळ्या जागांविषयी लिहायचे म्हटले की बाग किती मोठी आहे, झोपाळे शाबूत आहेत का, फिरण्याच्या मार्गावर दिवे आहेत का, असे प्रश्न आधी समोर येतात. माथेरानला हे प्रश्न लावू गेलो तर पहिल्याच पायरीला अडखळायला होते, कारण इथे रानाच्या पोटात गाव वसले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ४,३९३ लोकसंख्येचे हे गाव सुमारे ८०० मीटर उंचीच्या, जवळजवळ चहूबाजूंनी कडे तुटलेल्या डोंगरमाथ्यावर आहे. त्याला स्वतःची नगरपरिषद आहे, बाजारपेठ, शाळा आणि रेल्वे स्थानकही आहे. तरीही बाजारातले शेवटचे दुकान मागे पडले की थोड्याच वेळात माणूस जांभूळ आणि अंजनीच्या सावलीत शिरलेला असतो. गेल्या ऑक्टोबरात, दसऱ्याची गर्दी ओसरल्यावर, मुद्दाम ६ ते ८ तारखांचे आडवारचे दिवस धरून एकाहत्तर वर्षांच्या आईला घेऊन मी तिथे राहिलो आणि जितके चालता येईल तितके चाललो. यापूर्वी मी माथेरानला गेलो होतो तो शाळेच्या सहलीत, आणि त्या सहलीतली घोड्याची भीती आणि चिक्की एवढेच काय ते आठवते. त्यामुळे हे परीक्षण एका परीने पहिल्याच भेटीचे आहे.

पोहोचण्याच्या व्यवस्थेपासून सुरुवात करणे भाग आहे, कारण तिथल्या हिरवाईचे सारे गणित या व्यवस्थेवर उभे आहे. आपली मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते आणि रुग्णवाहिकेसारखे मोजके अपवाद सोडले तर त्यापुढे इंधनावर चालणारे वाहन जात नाही. नाक्यापासून बाजारपेठ साधारण अडीच किलोमीटरांवर आहे. हे अंतर पायी, घोड्यावरून, ई-रिक्षाने किंवा नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंत धावणाऱ्या शटल गाडीने कापता येते. पायथ्याच्या नेरळपासून वर येणारी मूळ गाडी पावसाळ्यात बंद ठेवली जाते आणि आम्ही गेलो तेव्हा ती पुन्हा सुरू व्हायची होती. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःच्या पैशाने उभारलेला, १९०७ मध्ये सुरू झालेला हा २१ किलोमीटरांचा, दोन फूट रुंदीच्या रुळांचा मार्ग पावसाने वारंवार मोडून काढला आहे. २००५ च्या जुलैतील अतिवृष्टीनंतर तो २००७ मध्ये सुरू झाला, तर २०१९ च्या पावसात वाहून गेलेला भाग दुरुस्त होऊन पूर्ण मार्गावर गाडी धावायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. त्यामुळे केवळ गाडीसाठी जाणाऱ्यांनी ती सुरू असल्याची खात्री करूनच निघावे. आम्हाला आधार शटलचा होता, पण नाक्यावर उतरताच एका गृहस्थाने मोठ्या आपुलकीने सांगितले, “काका, शटल आज बंद आहे, आजींना घोड्याशिवाय इलाज नाही.” दहा मिनिटे चालून अमन लॉजच्या खिडकीशी गेलो, तर गाडी वेळेवर होती आणि तिकिटेही मिळाली. ज्यांच्यासोबत वयस्कर माणसे आहेत त्यांनी नाक्यावरच्या कोणत्याही तोंडी माहितीवर विसंबून न राहता थेट खिडकी गाठावी, एवढेच या प्रसंगावरून सांगतो.

ई-रिक्षाबद्दल माझे मत जाण्यापूर्वी प्रतिकूल होते. वाहनांना मज्जाव असलेल्या गावात विजेवरची का होईना तिचाकी गाडी आली, म्हणजे उद्या चारचाकी येणार, अशी शंका मनात होती आणि ती पूर्णपणे गेली आहे असे म्हणणार नाही. पण परतीच्या वाटेवर, एका धडधाकट तरुणाला बसवून हातरिक्षा चढावर ओढत नेणारी तीन माणसे अगदी जवळून पाहिली आणि त्या दृश्यापुढे माझा आक्षेप टिकला नाही. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि त्या ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी ई-रिक्षांची योजना राबवण्याचा आदेश दिला. आम्ही गेलो तेव्हा त्या मुदतीतले दोन महिने सरले होते. त्याच आदेशातील दुसरा भाग बाहेरच्या माणसांच्या फारसा लक्षात आलेला नाही, पण माझ्या मते माथेरानच्या भवितव्याच्या दृष्टीने तो तितकाच मोलाचा आहे. दस्तुरी नाक्यापासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवावेत, मात्र आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर ते बसवू नयेत, असे त्यात म्हटले आहे.

हा भेद किती योग्य आहे ते प्रत्यक्ष चालल्यावर कळते. मुख्य रस्ता ही गावाची वहिवाट आहे. त्यावरून गॅसची टाकी जाते, भाजी जाते, शाळेची मुले जातात, पर्यटकांच्या अवजड बॅगा डोक्यावर घेऊन पायथ्याच्या वाड्यांतील बायका जातात. तिथे जांभ्याची माती पावसात वाहून जाऊन उघडी पडलेली मुळे आणि घसरडे दगड कोणाच्याच सोयीचे नाहीत. आतल्या वाटांची गोष्ट वेगळी आहे. त्या लाल, मऊ आणि किंचित ओलसर आहेत, पानांचा थर साचलेला असल्याने पावलांचा आवाजही येत नाही, आणि वळणे इतकी सहज आहेत की चढ कधी संपला ते बरोबरच्या माणसाशी बोलता बोलता लक्षातही येत नाही. आईचे गुडघे डांबरी रस्त्यावर अर्ध्या तासात कुरकुरू लागतात. इथे मातीवर ती सलग सव्वा तास चालली आणि मग बसली तीही थकून नव्हे, तर शेकरू पाहायला. तांबूस पाठीचा, लांबलचक शेपटीचा आपल्या राज्याचा हा प्राणी आमच्या डोक्यावरच्या फांदीवरून पलीकडच्या झाडावर गेला आणि तिथे बसून आमच्याकडे पाहू लागला. माथ्यावर फांद्या एकमेकींत मिसळलेल्या राहिल्या, तरच या जनावराला जमिनीवर न उतरता हिंडता येते. मोठ्या शहरांतल्या बागांमध्ये झाडे पुष्कळ असली तरी ती सुटी सुटी उभी असतात. इथे डोक्यावर अखंड छत आहे आणि हेच माथेरानचे खरे धन आहे.

त्या छतातले सर्वाधिक लक्षात राहणारे झाड अंजनीचे. ते फार उंच होत नाही, पण खोड पिळदार आणि पाने जाड, चकचकीत असतात. फुलोऱ्याच्या दिवसांत त्याच्या फांद्यांवर निळे-जांभळे झुबके चिकटल्यासारखे दिसतात, पण आम्ही अवेळी गेल्याने ते पाहायला मिळाले नाहीत. हिरडा आणि जांभूळ जागोजाग आहेत. एका ओढ्यापाशी शीळकरी कस्तुराची ती माणसाने वाजवल्यासारखी, मध्येच सूर विसरणारी शीळ ऐकू आली. पावसाळ्यात तो अधिक गातो. ऑक्टोबरात ऐकू आला हे आमचे नशीब. झाडांवर नावांच्या पाट्या मात्र फार थोड्या दिसल्या, आणि ज्या होत्या त्यांवरची अक्षरे ओळखू येण्यासारखी नव्हती. हे काम फारसे खर्चिक नाही. शाळेच्या सहली इतक्या येत असताना अंजनी आणि जांभूळ यांतला फरक मुलांना वाटेवरच कळावा, ही अपेक्षा फाजील म्हणता येणार नाही.

पहिल्या दिवशी आम्ही शार्लोट तलावाकडे गेलो. बाजारातून तिथपर्यंतची वाट उताराची आणि गर्द सावलीची आहे. वयस्कर माणसांना घेऊन एकच फेरफटका मारायचा असेल, तर मी निःसंकोचपणे हीच वाट सुचवेन. तलाव गावाच्या पिण्याच्या पाण्याचा आहे आणि त्यात उतरायला मनाई आहे. तसे बजावणारे फलकही आहेत. काठावर ग्रामदैवत पिसरनाथाचे देऊळ आहे. पावसाळ्यानंतरचे भरलेले पाणी, पलीकडच्या काठावरची पाण्यात वाकलेली झाडे आणि देवळातली घंटा, असा तो सगळा परिसर कोणत्याही सजावटीविना पुरेसा देखणा आहे. मात्र बंधाऱ्याच्या एका कोपऱ्यात वेफर्सची पाकिटे आणि बाटल्या अडकून बसल्या होत्या, आणि गाव हेच पाणी पिते हे माहीत असताना ते दृश्य अधिकच टोचले. तिथून इको पॉइंट आणि लुईसा पॉइंट जवळ आहेत. लुईसाच्या टोकावरून समोर प्रबळगडाचा लांबलचक माथा दिसतो, आणि संध्याकाळी ढग बाजूला झाले तेव्हा आईने मोबाईल आत ठेवायला सांगितले, हे त्या जागेबद्दल पुरेसे बोलके आहे. त्या रात्री कोजागरी होती. मुक्कामाच्या ठिकाणी मसाला दूध मिळाले, पण चंद्र मात्र बराच वेळ ढगांआडच होता.

दुसऱ्या दिवशी आईला व्हरांड्यात वर्तमानपत्रासह बसवून मी एकटाच दक्षिणेकडची फेरी केली. अलेक्झांडर पॉइंट, रामबाग, लिटल चौक, चौक पॉइंट, वन ट्री हिल असे करत कड्याच्या कडेकडेने फिरून पुन्हा तलावावर उतरता येते. रमतगमत गेल्यास या फेरीला चार तास लागतात आणि माथेरानच्या साऱ्या मार्गांत मला तीच सर्वांत आवडली. चौक पॉइंटवरून खाली मोरबे धरणाचे पाणी आणि त्याच्या अंगावर आलेला इर्शाळगडाचा सुळका दिसतो. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याच बाजूने, खालच्या चौक गावाकडून वर चढला आणि त्याने माथेरान ‘शोधले’, असे सर्वत्र छापलेले असते. त्याच्या कितीतरी आधीपासून धनगर, ठाकर आणि कातकरी या रानात वावरत होते, तेव्हा हा शोध नेमका कोणासाठी लागला हा प्रश्न त्या कड्यावर उभे राहिल्यावर मनात आल्याशिवाय राहत नाही. पॉइंटांची बहुतेक नावे साहेबांची आणि मडमांची आहेत, आणि ती आता बदलावीत असे माझे म्हणणे नाही. पण स्वातंत्र्यसैनिक विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी याच गावात झाला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात ते हुतात्मा झाले, हे आमच्या मुक्कामातल्या इतर पाहुण्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. फिरण्याच्या मार्गांवर एखादी वाट त्यांच्या नावाने, त्यांच्या कामाच्या चार ओळींसह आखता आली असती.

पॉइंटांविषयी माझे मत थोडे रूक्ष वाटेल. त्यांची संख्या अडतीस सांगितली जाते आणि घोडेवाले तितक्या, किंवा त्यांतल्या ठरावीक, पॉइंटांचा दर सांगतात. त्यामुळे माणूस यादी संपवण्याच्या मागे लागतो. सकाळी निघालेली मंडळी दुपारपर्यंत सात-आठ ठिकाणी उतरून, प्रत्येक ठिकाणी कठड्याशी छायाचित्र काढून, कोकम सरबत पिऊन परतलेली मी पाहिली. त्यांना दऱ्या दिसल्या, पण दोन पॉइंटांच्या मधले रान घोड्याच्या चालीच्या धक्क्यांत निघून गेले. घोड्यांवर या गावातली असंख्य कुटुंबे जगतात, परवानाधारक घोडे चारशेहून अधिक आहेत, आणि ज्याला चालणे शक्य नाही त्याच्यासाठी घोडा ही खरी सोय आहे, तेव्हा हा घोडेवाल्यांवरचा आक्षेप समजू नये. ज्याचे पाय चांगले आहेत त्याने मात्र दिवसाला दोनच पॉइंट धरावेत आणि मधल्या वाटेला वेळ द्यावा. घोड्यांच्या टापांनी वाटेचा मधला भाग खणला जातो आणि लिदीचा वास बाजाराजवळ सतत येत राहतो, या दोन्ही गोष्टी मनाची तयारी करून जाण्यासारख्या आहेत. उन्हाळ्यात याच मातीची लाल धूळ होऊन कपड्यांवर बसते, असे तिथल्याच लोकांनी सांगितले. ऑक्टोबरात तो त्रास अजिबात नव्हता.

उत्तरेकडच्या पॅनोरमा पॉइंटला मी तिसऱ्या दिवशी पहाटे गेलो. बाजारापासून हे अंतर पाच किलोमीटरांच्या आसपास असल्याने पावणेपाचला निघावे लागले, आणि विजेरी नसती तर एका फाट्यावरून नक्कीच चुकलो असतो. तिथे फळा होता, त्यावर बाणही होता, पण बाणासमोरचे नाव पावसाने धुऊन गेले होते. सूर्य वर आला तेव्हा खाली उल्हास नदीच्या खोऱ्यात धुके साचलेले होते, नेरळचे दिवे अजून लागलेले होते आणि शेजारी पेबचा किल्ला धुक्यातून वर निघाला होता. तिथे माझ्याखेरीज दोनच माणसे होती आणि तिघेही काही न बोलता उभे होतो. परतीच्या वाटेवर माकडांच्या एका टोळीने माझ्या पिशवीतली केळी अत्यंत सराईतपणे लांबवली. चूक माझीच होती, कारण खाण्याची पिशवी उघडी हातात धरून या गावात कुणीच फिरू नये.

गावातली रूढ अर्थाने उद्याने म्हणता येतील अशी ठिकाणे मी कर्तव्य म्हणून पाहिली. माधवजी उद्यानात लहान मुलांची खेळणी, बसायला बाके आणि दरीकडचा मोकळा देखावा आहे. लहान मूल बरोबर असेल तर तिथे एक तास बरा जातो. पेमास्टर पार्क शांत आहे. पण सभोवती एवढे रान असताना कापून-छाटून ठेवलेल्या झुडपांकडे पाहायला मन लागत नाही, हा दोष उद्यानांचा कमी आणि शेजाराचा अधिक. ऑलिंपियाचे मैदान मात्र मला वेगळ्या कारणासाठी आवडले. ते जुने शर्यतींचे मैदान आहे, झाडांच्या छताखालून अचानक बाहेर पडून माणूस एकदम आभाळाखाली येतो, आणि संध्याकाळी तिथे गावातली मुले क्रिकेट खेळत होती. तीन दिवसांत गावकरी आपल्या करमणुकीसाठी वापरत असलेली मोकळी जागा मला दिसली ती एवढीच. बाकी सगळीकडे ते कामात होते.

उणिवांबद्दल मोकळेपणाने लिहायला हवे. पुसट झालेल्या दिशाफलकांचा उल्लेख वर केलाच आहे; त्यावर उपाय म्हणून मोबाईलच्या नकाशावर विसंबू नये, कारण दाट झाडीत आणि कड्याच्या आडोशाला तो दोनदा बंद पडला. कागदी नकाशा बाजारात विकत मिळतो आणि तो उपयोगाचा आहे. स्वच्छतागृहे बाजार आणि स्थानकाच्या परिसरातून बाहेर पडल्यावर जवळजवळ नाहीतच, आणि चार तासांच्या फेरीत ही अडचण बायकांना किती जाणवत असेल हे आई एका वाक्यात बोलून गेली. काही पॉइंटांवरचे कठडे भक्कम आहेत, तर काही ठिकाणी नुसती लोखंडी नळी गंजून वाकलेली आहे. पावसात जांभ्यावर शेवाळ धरते, त्यामुळे लहान मुलांचा हात तिथे सोडू नये. आमच्या मुक्कामाच्या ठिकाणाबद्दल एवढेच सांगतो की नोंदणी करताना ‘बाजारापासून दोन मिनिटे’ असलेले अंतर प्रत्यक्षात वीस मिनिटांचे आणि चढाचे निघाले. वाहन नसलेल्या गावात असे आश्वासन नुसते अतिशयोक्तीचे राहत नाही, ते म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांवर येते. म्हणून खोली घेण्यापूर्वी स्थानकापासूनचे अंतर मीटरांत विचारून घ्यावे.

हे सारे असूनही रान टिकून आहे, त्याचे एक कारण कायद्यात आहे. ४ फेब्रुवारी २००३ च्या केंद्रीय अधिसूचनेने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१४ चौरस किलोमीटरांचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला, आणि त्यामुळे बांधकाम, वृक्षतोड आणि वाहने यांवर बंधने आली. गावकऱ्यांच्या बाजूने पाहिले तर ही बंधने काही वेळा जाचक आहेत. घर दुरुस्त करायला लागणारी वाळू-सिमेंट घोड्याच्या पाठीवरून आणावी लागते आणि त्याचा खर्च खालच्या गावांपेक्षा कितीतरी अधिक येतो, असे आम्हाला चहा देणाऱ्या बाईंनी हिशेबासकट सांगितले. आम्ही ज्या सावलीतून तीन दिवस हिंडलो, तिची किंमत वर्षभर ही माणसे मोजतात. म्हणूनच नाक्यावर घेतला जाणारा प्रवासी कर मला खटकला नाही. तो स्वच्छतागृहे आणि फलक यांवर खर्च झालेला दिसावा, एवढीच अपेक्षा आहे.

जाण्याचा काळ म्हणाल तर पाऊस ओसरल्यापासून हिवाळा संपेपर्यंत केव्हाही जावे आणि शनिवार-रविवार कटाक्षाने टाळावेत. आम्ही बुधवारी दुपारी निघालो तेव्हा शटलला दहा-बारा माणसे होती, पण स्थानकाजवळच्या चिक्कीवाल्याने सांगितले की रविवारी हीच रांग बाजारापर्यंत येते. सामान कमी असावे, तळाला पकड असलेले बूट असावेत, आणि पाण्याची बाटली घरूनच भरून न्यावी, म्हणजे रिकामी बाटली तिथे टाकण्याचा प्रश्न येत नाही. आईने परतताना ई-रिक्षा आणि शटल दोन्ही नाकारले. बॅगा एका हमाल बाईंच्या हवाली करून ती त्यांच्याशी गप्पा मारत दस्तुरीपर्यंत चालत आली, वाटेत दोनदा बसली, आणि नाक्यावर पोहोचल्यावर तिने मला पुढच्या वर्षीच्या आंबेमोहोराच्या दिवसांतल्या तारखा मोकळ्या ठेवायला सांगितल्या, कारण त्या बाईंनी तिला अंजनी साधारण तेव्हा फुलते असे सांगितले होते.